तीन इंची रबरी मासे आणि मेश्राम

मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेश्राम गेल्याची बातमी आली, त्या दिवशी कितीतरी जणांनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. एकानं लिहिलं, 'सदैव हसतमुख व्यक्तिमत्त्व.' दुसऱ्यानं लिहिलं, 'फिशिंगचा छंद जोपासणारे दिलखुलास काका.' सगळं खोटं. मेश्राम हसतमुख नव्हते. दिलखुलास तर अजिबात नव्हते. एखादी गोष्ट पटली नाही तर तोंड मिटून असे बघायचे, की समोरच्याला वाटावं आपल्या शर्टाची बटणं खालीवर लागली आहेत. आणि फिशिंग हा त्यांचा छंद नव्हता. छंद माणसाला इतका वेठीला धरत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. जहाजावर भांडी घासली, मग खलाशांचं जेवण रांधलं, मग इथं इंग्लंडमध्ये, ईलिंगला, एका मोठ्या किचनमध्ये सत्तावीस वर्षं उभा राहिलो. आता क्रॉयडनला मुलाकडे असतो. लिहिणं हा माझा धंदा नाही. पण ज्यांना माणूस ठाऊक नाही त्यांनी लिहायचं आणि ज्याला ठाऊक त्यानं गप्प बसायचं, हे मला सोसत नाही. शेवटचं दीड वर्ष, एक भेट सोडली तर, मेश्राम आणि मी बोलत नव्हतो. का, ते यात येईल. त्यात माझी बाजू चांगली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ब्रायटनच्या पुढे समुद्राकाठी एक गाव आहे. नाव सांगणार नाही, चांगल्या जागेचं नाव कोणी सांगत नाही. तिथं गळ-दोरीचं एक दुकान आहे, मालक कीथ नावाचा गोरा. मी त्याच्याकडे वाळूतले जिवंत किडे घ्यायला जायचो. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी आत शिरलो तर काउंटरवर पाण्यानं भरलेली काचेची बरणी, आणि तिच्यावर वाकलेला एक बुटका, काळासावळा, जाड चष्म्याचा माणूस. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत. हातात दोऱ्याला बांधलेला बोटाएवढा रबरी मासा. तो पाण्यात सोडायचा, हळूच ओढायचा, परत सोडायचा. कीथ दोन्ही हात टेकवून कंटाळलेला उभा. तेवढ्यात तो माणूस स्वतःशीच म्हणाला, "हे तर वातड आहे बाप्पा."

इतक्या वर्षांत मी इंग्लंडमधल्या गळाच्या दुकानात मराठी ऐकलं नव्हतं. म्हटलं, "काय हो, रबराला खरे मासे फसतात होय?"

त्यांनी मान वर केली नाही. "तुम्ही कुठले?"

"हर्णैचा. कोळी. आजा तांडेल होता माझा, स्वतःची होडी होती."

"अच्छा. मग तुम्हाला काही सांगून फायदा नाही."

मी चिडलो, पण हसूही आलं. विचारलं, तुम्ही कुठले? "उमरेडचा. नागपूरकडे. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा पस्तिशीचा होतो, तोही विमानातून. सुखदेव मेश्राम."

आडनाव ऐकलं आणि माझ्या डोक्यात जी चौकट असते तिच्यात ते जाऊन बसलं. ती चौकट आपल्या सगळ्यांच्या डोक्यात असते. नाही म्हणणाऱ्यानं हे इथंच वाचायचं थांबवावं.

लीड्सच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मेश्रामांनी तीस वर्षं काढली होती. रिटायर झाल्यावर मुलीजवळ म्हणून क्रॉयडनला आले. म्हणजे आमच्या घरापासून ट्रामचे चार स्टॉप. त्या दिवसापासून ते मला 'तांडेल', म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणू लागले. त्यात मान किती आणि टोमणा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा म्हणाले, "तुमचा आजा तांडेल. तुम्ही तर जहाजावर कांदे चिरले. पण ठीक आहे, म्हणू आपण."

आम्ही बास पकडायचो. बास म्हणजे इथला समुद्रातला रुपेरी मासा, आपल्या जिताड्याचा लांबचा भाऊबंद. त्यांच्या नादानं मीही किडे सोडून रबरावर आलो, पण माझा हिशोब सरळ होता : मोठ्या माशाला मोठा घास. मी सहा इंची, चमचम करणारे, डोळे रंगवलेले रबरी मासे घ्यायचो, पाकिटावरचं चित्र बघून. मेश्राम पाकिटाचं चित्र कधी बघत नसत. पाकीट उलटं करून आतला मासा प्लास्टिकवरूनच चिमटीत धरायचे, शेपटीच्या जरा अलीकडे, जिथं तो सर्वांत बारीक असतो. "इथं मऊ पाहिजे. इथं कडक असला तर बाकी सगळं वाया." मग एक पाकीट फोडून, मासा बाहेर काढून, त्याला नाकापाशी चिमटीत पकडून आडवा धरायचे. शेपूट खाली कलंडली पाहिजे, झोपलेल्या लेकराची मान खांद्यावरून कलंडते तशी. नाही कलंडली तर परत. कीथ म्हणायचा, पाकीट फोडलंत, आता घ्यावंच लागेल. मेश्राम मुकाट पैसे द्यायचे आणि तो मासा तिथंच कीथच्या काउंटरवर ठेवून यायचे. कीथकडे अशा नापास माशांची एक डिशच झाली होती.

तीन इंचांच्या वर ते जात नसत. मी म्हणायचो, एवढ्याशा चिंगळीला कोण तोंड लावणार? ते म्हणायचे, "तांडेल, माशाला हात नाहीत. त्याला काही विचारायचं असलं तर तोंडानंच विचारतो. लहान घास असला तर विचारून पाहतो. मोठा असला तर दुरूनच नमस्कार." आणखी एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, मी रीळ भराभर फिरवायला लागलो की यायचंच : "शेपटी हलली पाहिजे. आपण नाही."

त्यांची बायको कुंदाताई. स्वच्छ, टापटिपीची बाई, बोलायला मात्र तिखट. पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा दारातच म्हणाल्या, "या भाऊ. आंघोळ करून आलात ना? कारण इथं काही सोय नाही." बाथरूमचा टब काठोकाठ भरलेला. मेश्राम बाह्या वर चढवून गुडघ्यावर बसलेले. टबाच्या काठावर चिकटपट्टीनं फूटपट्टी लावलेली. एकेक रबरी मासा टबाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचे आणि शेपूट कोणत्या वेगाला हलायला लागते ते वहीत लिहायचे. जो सगळ्यांत हळू ओढला तरी शेपूट हलवतो तो पास. भरभर ओढल्यावरच हलवतो तो नापास.

"तीस वर्षं लोकांचं रक्त तपासलं," कुंदाताई चहा देताना म्हणाल्या, "आता रबराचं तपासून राहिले."

"रक्तात काही सापडत नाही," मेश्राम आतून ओरडले. "सगळ्यांचं सारखंच निघते."

पाण्यावरही ते लॅबमधल्यासारखेच वागायचे. आणि पकडलेला प्रत्येक मासा सोडून द्यायचे. हुकाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकलेला, म्हणजे माशाला फार लागू नये. बेचाळीस सेंटिमीटरच्या आतला बास सोडावाच लागतो, तो कायदाच आहे. पण ते हातभर लांबीचाही सोडायचे. तोंड प्रवाहाकडे करून, दोन्ही हातांत धरून, तो स्वतःहून निघून जाईपर्यंत पाण्यात वाकून उभे. मला तो माज वाटायचा. म्हटलं, सोडायचेच तर पकडता कशाला? म्हणाले, "मी बुद्धाचा माणूस. मारणं आपल्याला नाही जमत. पकडणंही बरोबर नाही, कुंदा रोज सांगते. पण मला पाहायचं असते की मी बरोबर होतो का. पाहिलं की झालं."

मी मात्र मारायचो. कोळ्याच्या घरी मासा सोडून देणं हा अपशकुन. एकदा मला चांगला दोन किलोचा बास लागला, त्यांच्याच दिलेल्या रबरी माशावर, पण ते मी कबूल केलं नाही. किनाऱ्यावरच्या गोट्यांवर बसून साफ करायला घेतला तर मेश्राम जवळ आले. "मासा तुम्ही खा. पोट मला द्या."

मी म्हटलं, वेडबिड लागलंय काय? त्यांनी खिशातून प्लास्टिकची पांढरी बशी काढली. माशाच्या पोटातून त्यानं गिळलेली, अर्धवट जिरलेली बारीक मासळीची पिल्लं निघाली, अकरा. त्यांनी ती बोटानं धुऊन बशीत ओळीनं लावली, शेजारी आपले रबरी मासे ओळीनं लावले. सगळ्यात मोठं पिल्लू तीन इंचांच्या आत. पाठ हिरवट, पोट दुधी. मेश्रामांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. बोलले असते तर परवडलं असतं. चष्मा पुसला आणि वहीत लिहायला लागले. त्या बशीपुढे माझ्या आज्याची होडी, माझं हर्णै, सगळं एका मिनिटात लहान झालं. हे मला तेव्हा कळलं नाही. राग आला एवढंच कळलं. पुढं जे झालं त्याचं बी तिथं पडलं असं आता वाटतं.

आणखी एक सांगितलं पाहिजे. मी माझे सगळे रबरी मासे लोणच्याच्या एका रिकाम्या प्लास्टिकच्या बरणीत कोंबून ठेवायचो, आणि वास यावा म्हणून त्यात चमचाभर सुक्या जवळ्याची पूड घालायचो. हिवाळाभर बरणी हीटरजवळ राहिली. मार्चमध्ये उघडली तर आत एकच गोळा. लाल, हिरवा, चमचम, जवळ्यासकट वितळलेला, बरणीची भिंतसुद्धा आत ओघळलेली. सुनेनं बरणी घराबाहेर टाकली आणि माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मेश्रामांना दाखवायला मी ती डस्टबिनमधून काढून नेली.

ते हसले. मी त्यांना पोट धरून हसताना तेवढंच पाहिलं. "तांडेल, वेगवेगळ्या कंपनीचे एकत्र ठेवता काय? यांच्यात शिवाशीव आहे. एकमेकाला लागले की वितळतात." मग त्यांनी आपला डबा दाखवला. स्टीलचा मसाल्याचा डबा, सात वाट्या, प्रत्येक वाटीत एका कंपनीचे मासे. "आमच्या घरात ही एकच जागा जिथं जात पाळतो. माणसांत बंद केली, रबरात चालू ठेवावी लागली."

कुंदाताई किचनमधून म्हणाल्या, "माझा मसाला मात्र तेव्हापासून कागदाच्या पुड्यांत."

आम्ही तिघंही हसलो. आणि मी मूर्ख, मला वाटलं, हे स्वतः असं बोलतात म्हणजे आता या विषयावर आपणही बोलायला हरकत नाही. जखम ज्याची असते त्यानंच तिच्यावर थट्टा करायची असते. पण हे शहाणपण मला फार उशिरा आलं, आणि फुकट आलं नाही.

मंडळातल्या मुलांनी एकदा मागे लागून लागून आमच्याबरोबर यायचं ठरवलं. चौघं होते, सगळे सॉफ्टवेअरवाले, पुण्याकडचे. ईस्ट क्रॉयडनला सकाळच्या गाडीत बसलो. जाताना पूर्ण वेळ मी बोलत होतो. हर्णैचं बंदर, नारळीपौर्णिमा, वारा कसा ओळखायचा. मुलं ऐकत होती, फोटो काढत होती. मेश्राम खिडकीशी वही घेऊन.

किनाऱ्यावर गेल्यावर चित्र पालटलं. मेश्रामांनी डबा उघडला आणि मुलं त्यांच्याभोवती जमली. पाणी आज गढूळ, म्हणून पांढरा. ओढ कमी, म्हणून वजन हलकं. शेपूट बघा, हात लावून बघा. एकेकाच्या हातात मासा देऊन ते चिमटीत धरायला शिकवत होते. मी सहा इंची घेऊन पाण्यात उभा, माशाचा एक हिसकासुद्धा नाही. तासाभरात मेश्रामांना तीन लागले, त्यातला एक तर असा, की गोट्यांवर आणेपर्यंत मुलं ओरडत होती. त्यांनी तो सोडला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माशाला सोडल्याबद्दल टाळ्या!

शेवटी मी मुकाट मेश्रामांपुढे गळ धरला. माझी जवळची नजर गेलेली, बारीक दोऱ्याची गाठ दिसत नाही. माझ्यासाठी गाठ नेहमी तेच मारायचे. ते खाली बसून माझ्या दोऱ्याला त्यांचा पांढरा तीन इंची मासा बांधत होते. तेवढ्यात एक मुलगा, अनिकेत, मला म्हणाला, "काका, हे भारीय. कोळी तुम्ही, आणि शिकवतायत ते?"

त्यानं गमतीनंच विचारलं होतं. मीही गमतीनंच उत्तर दिलं. म्हटलं, "अरे, आमचं रक्तात असतं. त्यांचं पुस्तकातून. सवलतीतून पास झाल्यासारखं."

तिघं हसले. चौथा हसला नाही, तो बुटातले खडे झाडायला लागला. मेश्राम माझ्यापासून दोन हातांवर होते. त्यांचा हात थांबला नाही. गाठ ओली करून ओढली, नखानं तपासली, दोऱ्याचं टोक कापलं. गळ माझ्या हातात दिला. "घ्या. झाली."

मग उठले, डबा बंद केला आणि किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. परतीच्या गाडीला ते आमच्यात नव्हते.

मी काय केलं? काही नाही केलं. घरी येऊन जेवलो. म्हटलं, उद्या फोन येईल. नाही आला. म्हटलं, एवढ्या तेवढ्यावरून रुसायला काय झालं, स्वतः नाही का शिवाशीव म्हणाले? आठवडा गेला, महिना गेला. मी वयानं मोठा, मी का करू? हा माझा हट्ट. याच हट्टावर मी बायको-मुलांना गावी ठेवून या देशात एकट्यानं वर्षं काढली. तो चांगला असतो असं मी आयुष्यभर मानत आलो.

एका संध्याकाळी जेवताना मुलानं विचारलं, मेश्राम काका येत नाहीत हल्ली? मी झालं ते सांगितलं, माझ्या सोयीनं. त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

"बाबा, मला इंजिनियरिंगची सीट कशावर मिळाली?"

मी पोळीचा तुकडा मोडत राहिलो.

"आपल्या जातीच्या दाखल्यावर. दाखल्यासाठी आईनं दापोलीला किती खेटे घातले, तुम्हाला माहीत नाही. तुम्ही इथं होतात. त्याच सीटवर मी इथं आलो आणि त्यातूनच उभ्या राहिलेल्या घरात तुम्ही जेवताय."

सून उठून आत गेली. नात माझ्याकडे आणि बापाकडे आळीपाळीनं बघत होती. तिला काही कळलं नसावं. मला सगळं कळलं. पण कळल्यावरही फोन करायला मला आणखी पाच महिने लागले, आणि केला तो मेश्रामांना नाही, कुंदाताईंना. त्या म्हणाल्या, "आम्ही लीड्सला चाललो भाऊ, मुलाकडे. घर विकलं. ते शनिवारी जाणार शेवटचे, तिकडं पाण्यावर. तुम्हाला जायचं तर जा. मी सांगितलं असं सांगू नका." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "माझ्याशी नीट बोलले तुम्ही नेहमी. त्यांच्याशी बोला."

गेलो. ऑक्टोबर संपत आला होता, वारा बोचरा. गळ नेलाच नाही. गोट्यांची चढण चढून वर आलो तर खाली मेश्राम मांडीभर पाण्यात उभे. हळू ओढत होते. मला पाहिलं तरी ओढणं थांबवलं नाही. मग सावकाश बाहेर आले, दोरा गुंडाळला, रबरी मासा काढून हातात घेतला.

मी म्हटलं, "मेश्राम, त्या दिवशी जरा जास्त झालं."

"काय जास्त झालं?"

"तेच. मुलांपुढे. बोलण्याच्या भरात."

"काय बोलले होते तुम्ही?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. एखाद्या पेशंटला विचारावं तसं विचारलं, कुठं दुखतं, नक्की कुठं. ते थांबले. खरोखर थांबले, माझ्याकडे बघत, ओल्या हातांनी. मला ते वाक्य अक्षर न अक्षर पाठ होतं, वर लिहिलंच आहे. तोंडाशी आलं होतं. ते त्यांच्यासमोर पुन्हा म्हणायचं आणि पुढं म्हणायचं, हे मी बोललो, हे खोटं होतं, माझाच पोरगा सवलतीवर शिकला. तीन वाक्यं.

"जाऊ द्या," मी म्हटलं. "तुम्हाला ठाऊक आहे."

त्यांनी मान हलवली. "मला ठाऊक आहे. तुम्ही रागात बोलले असते तर मी तिथंच भांडलो असतो, आणि येताना आपण एकाच डब्यात बसून आलो असतो. तुम्ही सहज बोलले. सहज बोललेलं आतलं असते." मग समुद्राकडे बघून म्हणाले, "पाणी भरून राहिलं. तुम्हाला दिसत नाही, गोटे ओले आहेत. वरच्या अंगानं जा."

डबा पिशवीत टाकला, गळ खांद्यावर घेतला आणि ते स्टेशनच्या वाटेला लागले. गोट्यांवरून चालणं त्यांना कधीच नीट जमलं नाही. दर पावलाला पाय घसरायचा, सावरायचे, पुढं जायचे. किनारा लांबलचक, सरळ, आड काही नाही. त्या दिवशी वारासुद्धा माझ्याकडून त्यांच्याकडे होता. हाक मारली असती तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर ते बराच वेळ होते.